उतारवयातील नेम

स्मरणिकेसाठी लिहिताना मागे वळून पाहण्याचा प्रघात आहे. शाळेचे पहिले दिवस, वसतिगृहाची उभारणी, पहिल्या तुकडीची दहावी याविषयी माझे ज्येष्ठ सहकारी माझ्याहून अधिक अधिकाराने लिहितील. मी थोडा वेगळा विषय निवडला आहे. माणसाची एखादी उणीव त्याच्या नावाला चिकटली, की ती जन्मभर तशीच राहते काय, असा तो प्रश्न आहे. ‘याला गणित येत नाही’, ‘हिला चारचौघांत बोलता येत नाही’ ही वाक्ये कोणत्याही शाळेच्या शिक्षककक्षात चहाच्या घोटाबरोबर सहज उच्चारली जातात, आणि मूल ती दहा वर्षे पाठीवर वाहत राहते. या प्रश्नाचा विचार करताना मला इतिहासाच्या ग्रंथांइतकीच मदत एका बास्केटबॉलपटूच्या आकडेवारीने केली. त्या खेळाडूचे नाव जेसन किड.

किडचा जन्म २३ मार्च १९७३ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला आणि तो शेजारच्या ओकलंड शहरात वाढला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघातून दोन वर्षे खेळल्यावर १९९४ साली डॅलस मॅव्हरिक्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतले. त्या वर्षीच्या निवडीत त्याचा क्रमांक दुसरा होता. तो गार्ड म्हणून खेळे. बास्केटबॉल न खेळलेल्या पालकांसाठी सांगतो: मैदानावरील पाच खेळाडूंपैकी चेंडू पुढे आणणारा, कोण कुठे धावतो आहे हे पाहून योग्य क्षणी योग्य हाती चेंडू पोहोचवणारा खेळाडू म्हणजे गार्ड. या कामात किडची बरोबरी करणारे त्या काळात मोजकेच होते. सहकारी मोकळा होण्यापूर्वीच तो कुठे मोकळा होणार आहे हे त्याला दिसे. पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला ग्रँट हिल या खेळाडूबरोबर विभागून मिळाला.

परंतु एक गोष्ट त्याला येत नव्हती. दुरून रिंगमध्ये चेंडू टाकणे त्याला जमत नसे. पहिल्या हंगामात तीन गुणांच्या रेषेबाहेरून घेतलेल्या त्याच्या शॉटपैकी अवघे २७.२ टक्के यशस्वी झाले. उडी मारून घेतलेल्या शॉटला त्या खेळाच्या बोलीत इंग्रजी ‘जे’ या अक्षराने ओळखतात. किडकडे हा ‘जे’ नाही, म्हणून त्याच्या नावातूनही ते पहिले अक्षर काढून टाका, असा विनोद निघाला आणि लोक त्याला ‘जेसन’ऐवजी ‘एसन’ म्हणू लागले. नावातले एक अक्षर कापून उणीव कायमची कोरून ठेवण्याचा हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. टोपणनावे ठेवण्यात वसतिगृहाची मुलेही कुणाला हार जात नाहीत.

या खेळाचा जन्म एका शिक्षकाच्या हातून झाला, ही गोष्ट मला नेहमी आवडत आली आहे. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात घरात कोंडलेल्या आडदांड तरुणांच्या वर्गासाठी तो तयार केला. व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही बाजूंनी पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फूट उंच होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. मूळ नियमांत चेंडू हातात घेऊन धावण्यास मनाई होती. चेंडू पुढे न्यायचा तर तो दुसऱ्याला द्यावाच लागे. ‘देणे’ हा या खेळाचा पाया आहे, आणि किड त्या अर्थाने खेळाच्या मूळ परंपरेतला होता. दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची पद्धत अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एनबीएमध्ये, १९७९-८० च्या हंगामापासून सुरू झाली. रेषेचे रिंगपासूनचे अंतर समोरून ७.२४ मीटर ठरले. कोपऱ्यांत ते सुमारे ६.७० मीटर असते.

एवढ्या अंतरावरून रिंग गाठणे किती कठीण आहे, हे थोड्या भूमितीने कळते. रिंगचा व्यास सुमारे ४६ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २४. वरून सरळ खाली येणाऱ्या चेंडूला पूर्ण वर्तुळ मोकळे मिळते. तोच चेंडू ४५ अंशांच्या कोनाने उतरला, तर त्याच्यापुढची वाट सुमारे ३२ सेंटिमीटरची उरते. ३० अंशांनी उतरला तर ती सुमारे २३ सेंटिमीटरची होते, म्हणजे चेंडूपेक्षाही अरुंद. म्हणून जोरात आणि सपाट फेकून भागत नाही. चेंडूला उंच कमान द्यावी लागते. त्या कमानीचे बळ मनगटापेक्षा पायांतून येते, आणि प्रत्येक वेळी तीच कमान साधण्यासाठी कोपर, मनगट आणि बोटे एकाच रीतीने हलावी लागतात. ही सवयीची विद्या आहे. ती दिसायला साधी, कमवायला अत्यंत कंटाळवाणी.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मी आकड्यांकडे साधन म्हणून पाहतो आणि साधन तपासून घेतो. १९९४ ते १९९७ या तीन हंगामांत ही रेषा सर्व बाजूंनी ६.७० मीटरवर आणली होती. किडचे पहिले २७.२ टक्के या जवळ आणलेल्या रेषेवरचे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ आणखी गंभीर होतो. रेषा पूर्ववत दूर गेल्यावर त्याचे टक्के कधी तिशीच्या आसपास, कधी पस्तिशीच्या आसपास घुटमळत राहिले. दहा-बारा वर्षे हेच चालले. एखाद्या वर्षी वाढ दिसे, पुढच्या वर्षी ती पुसली जाई. आपल्या पाल्याची दोन चाचण्यांची गुणपत्रिका पाहून हताश होणाऱ्या पालकांनी हा तक्ता एकदा पाहावा असे मला वाटते.

दरम्यान किड थोर खेळाडू म्हणून मान्यता पावला होता. न्यू जर्सी नेट्स या संघाला त्याने २००२ आणि २००३ अशी सलग दोन वर्षे अंतिम फेरीत नेले. दोन्ही वेळा हार पदरी आली. या उंचीवर पोहोचलेल्या माणसाला आपली उणीव झाकून ठेवणे सोपे असते, कारण त्याच्या गुणांवरच संघ चालत असतो. किडने तसे केले नाही. दिग्गज झाल्यावरही शॉट सुधारण्यासाठी तो खास प्रशिक्षकापुढे विद्यार्थी म्हणून उभा राहिला. ज्याच्या नावाचा जयघोष होतो त्याने हात कसा वळवावा हे पुन्हा पहिल्यापासून शिकावे, याला शरीराच्या कष्टांपेक्षा मनाचे कष्ट अधिक पडतात.

फेब्रुवारी २००८ मध्ये तो पुन्हा डॅलसला परतला तेव्हा पस्तिशीला टेकला होता. गार्डचे भांडवल त्याच्या पायांत असते. पस्तिशीत ते झपाट्याने आटते. पंचविशीतले तरुण बाजूने निघून जातात, रिंगपर्यंत मुसंडी मारणे अवघड होते. बहुतेक गार्ड या वयात निवृत्तीचे भाषण तयार करतात. किडचा दूरचा नेम मात्र याच काळात बसला. २००८-०९ मध्ये त्याचे तीन गुणांचे ४०.६ टक्के शॉट यशस्वी झाले आणि २००९-१० मध्ये ४२.५ टक्के. त्या एका हंगामात त्याने असे १७६ शॉट साधले. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतील हा उच्चांक होता, आणि हंगाम संपताना तो ३७ वर्षांचा होता. साधा हिशेब मांडू. पहिल्या वर्षीच्या नेमाने शंभर शॉट घेतले असते तर सुमारे ८२ गुण मिळाले असते, आणि या नेमाने सुमारे १२७. जवळून दोन गुणांचे शॉट घेऊन तेवढे गुण मिळवायचे तर शंभरापैकी ६४ साधावे लागतील.

हे घडले कसे? सराव हे एक कारण, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. सराव तर तो आधीही करीत होता. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. तरुणपणी किड धावता धावता, अंगावर आलेल्या प्रतिस्पर्ध्याला चुकवत, वेळ संपत आली म्हणून शॉट घेई. डॅलसमध्ये उंचापुरा जर्मन खेळाडू डर्क नोविट्स्की संघाचा आधार होता. त्याला रोखण्यासाठी दोघे-दोघे धावून जात आणि मैदानाच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी मोकळा राही. तो मोकळा माणूस आता अनेकदा किड असे. पाय रोवून, हात तयार ठेवून, तो चेंडूची वाट पाहत उभा राही. त्याच्या एकूण शॉटपैकी निम्म्याहून अधिक शॉट आता या लांब पल्ल्याचे होते. ज्याने आयुष्यभर इतरांना चेंडू दिला, त्याने उतारवयात दुसऱ्याने दिलेला चेंडू घ्यायला शिकून घेतले. त्याचा नेम सुधारला यात हाताची करामत आहेच, पण आपली जागा बदलण्याची तयारीही आहे. ही तयारी नसती तर नुसत्या सरावाने तो फारसा पुढे गेला असता, असे मला वाटत नाही.

पुढचा, म्हणजे २०१०-११ चा हंगाम आकड्यांच्या दृष्टीने पुन्हा उतरता होता. टक्केवारी ३४ वर आली. वय कुणाला सोडत नाही. परंतु त्याच वर्षीच्या बाद फेरीत पोर्टलंडविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याने तीन गुणांचे सहा शॉट साधून २४ गुण केले. मे महिन्यात ओक्लाहोमा सिटीविरुद्ध डॅलस संघ पाच मिनिटे उरली असताना १५ गुणांनी मागे होता. तेथून त्याने सामना बरोबरीत आणला, आणि जादा वेळेत, शेवटचे मिनिट चालू असताना, आघाडी देणारा तीन गुणांचा शॉट किडच्या हातून गेला. ज्याच्या नावातून एक अक्षर कापले होते, त्याच्याच हाती संघाने त्या क्षणी चेंडू सोपवला होता.

त्यानंतरची अंतिम फेरी मायामी हीटविरुद्ध झाली. शेवटचा सामना अमेरिकेत १२ जूनच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे १३ जूनच्या पहाटे सुरू झाला. शाळा उघडायला दोन दिवस होते, वसतिगृहात गाद्या उन्हात टाकण्याचे आणि खोल्या धुण्याचे काम चालू होते. आमच्या क्रीडाशिक्षकांनी मला पहाटेच उठवून आपल्या खोलीतील टीव्हीपुढे बसवले. ‘सर, तुमच्या बरोबरीचा माणूस खेळतो आहे, बघा तरी,’ असे ते म्हणाले. मी तेव्हा चाळिशीत शिरलो होतो. गुडघे कुरकुरू लागले होते आणि चष्म्याचा क्रमांक वाढला होता. डॅलसने तो सामना १०५-९५ असा जिंकला आणि सतरा वर्षे वाट पाहिलेल्या किडला ३८ व्या वर्षी पहिले विजेतेपद मिळाले. खिडकीबाहेर झाडूचा आवाज चालू होता आणि आम्ही दोघे प्रौढ माणसे टाळ्या वाजवत होतो. त्याच्याविषयी पुढे मी जे वाचले त्याची सुरुवात त्या सकाळी झाली.

किड २०१३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा तीन गुणांचे १,९८८ शॉट त्याच्या नावावर होते. त्या वेळी त्याच्या पुढे दोघेच होते, रे ॲलन आणि रेजी मिलर. हे दोघे तर दूरच्या नेमासाठीच ओळखले जात. संपूर्ण कारकिर्दीची त्याची टक्केवारी ३४.९ आहे. ती काही थोर नेमबाजाची नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. शिवाय माणूस म्हणून त्याला मखरात बसवावे असेही नाही. २००१ साली कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात त्याला अटक झाली होती. विभूतिपूजेचा धोका आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. आपण त्याच्याकडून एक गोष्ट शिकायची, ती म्हणजे उणीव ही जन्मखूण नसते. बाकीचे त्याचे त्याच्यापाशी.

येथे एक भेद स्पष्ट करतो. काही उणिवा आपल्या असतात, आणि काही आपल्यावर लादलेल्या असतात. किडला मैदान होते, चेंडू होता, शिकवणारे होते. तरीही जे आले नाही ते त्याने कष्टाने मिळवले. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकण्याची वाटच बंद होती. फारसी घ्यावी लागली, आणि संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर आत्मसात केले. पहिल्या प्रकारात शिकणाऱ्याने स्वतःला विचारायचे असते, दुसऱ्या प्रकारात समाजाला. आपल्या वसतिगृहात येणाऱ्या मुलांच्या ‘येत नाही’पैकी बराच भाग दुसऱ्या प्रकारचा असतो. ज्या मुलाने अकराव्या वर्षापर्यंत खरा बास्केटबॉल हातात धरलेला नाही, त्याचा नेम वाईट आहे असे म्हणण्याला अर्थ नाही. आधी त्याच्या हाती चेंडू द्यावा, वर्ष-दोन वर्षे द्यावीत, मग नेमाविषयी बोलावे.

आणि आता माझ्याविषयी. माझे भांडवल माझा आवाज होता. माझ्या तासांना बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल, फ्रेंच राज्यक्रांती असो की महाडचा सत्याग्रह, मी बोलत असे आणि वर्ग ऐकत असे. चाळीस मिनिटे सलग बोलण्याचा मला अभिमान होता, तो खोटा नव्हता. पन्नाशी ओलांडल्यावर घसा बसू लागला. आधी दुपारी, मग दुसऱ्या तासालाच. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर ताण असल्याचे सांगितले आणि बोलणे निम्म्यावर आणण्यास बजावले. गार्डचे पाय गेले म्हणजे काय होते, ते मला तेव्हा अंगाने कळले. घरी बसून काही दिवस एकच विचार केला: बोलता येत नसेल तर शिक्षकाकडे उरते काय?

विचारणे आणि ऐकणे ही माझी नेहमीच दुबळी बाजू होती. मी उत्तम बोलतो, म्हणून ती कुणाला दिसत नसे. त्या वर्षापासून मी ती शिकू लागलो. आता मी वर्गात एखादा उतारा, जुने छायाचित्र किंवा नकाशा देतो आणि एक प्रश्न फळ्यावर लिहितो. मुले गटाने वाचतात, भांडतात, मांडणी करतात. मी मागच्या बाकावर बसतो. सुरुवातीचे महिने कठीण गेले. वर्गातली शांतता मला सहन होत नसे, ती भरून काढायला तोंडाशी वाक्य येई आणि ते गिळावे लागे. एका सरकारी जाहीरनाम्याच्या तारखेवरून आठवीच्या एका मुलीने मला असा प्रश्न विचारला, की त्याचे उत्तर शोधायला मला घरी जाऊन तीन पुस्तके काढावी लागली. तीस वर्षे मी ज्यांना चेंडू देत होतो, त्यांच्याकडून तो माझ्याकडे येऊ लागला होता. माझे काम होते पाय रोवून तयार राहणे.

याचा मोठा यशस्वी प्रयोग झाला असे मी सांगणार नाही. काही तास फसतात. काही मुलांना अजूनही ‘सर, तुम्हीच सांगा’ असे वाटते, आणि एखाद्या दिवशी मी सांगतोही. माझी टक्केवारी किडच्या तक्त्यासारखीच वरखाली होते. पण पूर्वी माझ्या वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी मुले असत आणि ती मला समाधानी श्रोते वाटत. आता ती बोलतात, आणि ती काय विचार करीत होती हे मला कळते.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेकांची चाळिशी उलटली आहे. नोकरीत, संसारात, चळवळीत प्रत्येकाला आपापली जागा मिळाली आहे. एका गोष्टीत तुम्ही निष्णात आहात आणि एक गोष्ट तुम्हाला येत नाही, असे तुमच्याविषयी ठरून गेले आहे. कुणाला इंग्रजी, कुणाला हिशेब, कुणाला मुलांशी मोकळे बोलणे. ज्या बळावर तुम्ही इथवर आलात ते बळ कमी होऊ लागेल, तो दिवस फार दूर नाही. त्या दिवसाची वाट न पाहता त्या दुसऱ्या गोष्टीला आजच हात घाला. शिकवणारा तुमच्याहून लहान असेल तर लहानाकडून शिका. पहिली काही वर्षे आकडे साथ देणार नाहीत, त्यांच्याकडे पाहून थांबू नका. आणि जे आजवर तुम्ही इतरांना देत आलात, ते कुणी तुम्हाला देऊ लागले, तर संकोच न करता घ्या.

पालकांना एवढेच सांगेन, की आपल्या मुलाच्या नावातून एकही अक्षर कापू नका. ते अक्षर परत मिळवायला जेसन किडला पंधरा वर्षे लागली.